एक अर्ज, नऊ कॅम्पस : घरच्या प्रकल्पाच्या नोंदी

1 ऑगस्ट 2024, गुरुवार

ऑफिसात रोज संध्याकाळी आज काय केलं, काय अडलं, उद्या काय, हे चार ओळींत लिहायची सवय आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढल्यावर ती जात नाही. तेव्हा घरच्या या कामाचीही वही केली.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, 2025 च्या फॉलचा, म्हणजे पुढच्या शरदात सुरू होणाऱ्या पदवीच्या वर्षाचा, अर्ज आज भरायला खुला झाला. लेकीनं सकाळीच खातं उघडलं. आत्तापासून भरत बसता येतं, पण पाठवता येईल 1 ऑक्टोबरनंतरच. शेवटची तारीख 2 डिसेंबर. एरवी 30 नोव्हेंबर असते, यंदा तो शनिवार आला म्हणून दोन दिवस वाढवून मिळालेत.

प्रकल्पातली माणसं : लेक, बारावी, अर्जदार. मी, टेस्टिंग. तिचे बाबा, पैसे आणि काळजी. धाकटा, आठवी, फुकटचे सल्ले. सांगलीहून आजी, दर रविवारी फोनवर आढावा बैठक.

4 ऑगस्ट, रविवार

यूसीचे एकूण दहा कॅम्पस. त्यातला सॅन फ्रान्सिस्कोचा फक्त वैद्यकीय आणि पदवीनंतरचा, म्हणजे आपल्यासाठी नऊ. नऊही ठिकाणी एकच अर्ज चालतो. खासगी कॉलेजांसाठी तिच्या मैत्रिणी जो सामायिक अर्ज भरतात, तो इथे लागू नाही. यूसीचं दुकान वेगळं.

आज विषयांची पडताळणी केली. यूसीनं शाळेतल्या विषयांना ए पासून जीपर्यंत अक्षरं दिलीत : इतिहास दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, परकी भाषा दोन, कला एक आणि वरकड एक. मिळून पंधरा, त्यातले अकरा विषय बारावी सुरू व्हायच्या आत संपलेले हवेत. कलेत तिनं मातीकाम घेतलं होतं. दहावीत तिनं केलेला वाकडा बुडकुला अजून गॅसजवळ आहे, त्यात मीठ ठेवते मी. तो आज कामी आला म्हणायचा.

एक मुद्दा मात्र निघाला. परक्या भाषेत तिची स्पॅनिश तीन वर्षं आहे, ती धरली जाते. पण सहा वर्षं दर रविवारी मराठी शाळेत गेली आणि आता तिथेच लहानांना शिकवते, ते या रकान्यात बसत नाही, कारण तिच्या हायस्कूलच्या गुणपत्रकावर ते नाही. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "आई, ते विषयात नाही, कामात लिहायचं." तिला फॉर्म माझ्यापेक्षा जास्त कळलाय.

11 ऑगस्ट, रविवार

जीपीएचा, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचा, दिवस. मी उत्साहानं तक्ता केला आणि नववीपासूनचे सगळे गुण भरले. चुकलं. नववीचे विषय अर्जात लिहायचे, पण जीपीए काढताना यूसी दहावी आणि अकरावीच धरते, त्यातही ए ते जीमधलेच विषय. बी-प्लस, ए-मायनस असली शेपटं छाटून टाकते. एपीसारख्या, कॉलेजच्या तोडीच्या अवघड वर्गाला एक जास्तीचा गुण मिळतो, मात्र जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरता, आणि त्यातले दहावीचे चारपेक्षा जास्त नाहीत.

तिच्या वीस सेमिस्टर-ग्रेड. सोळा ए, चार बी. ए चे चार, बी चे तीन धरून चौसष्ट आणि बारा, शहात्तर. भागिले वीस, 3.80. अवघड वर्गांची सेमिस्टरं दहा, त्यातली आठच मोजायची. शहात्तर आणि आठ, चौऱ्याऐंशी. भागिले वीस, 4.20. शाळेच्या कागदावर आकडा वेगळा, मी काढलेला तिसराच. कॅलिफोर्नियातल्या मुलांना किमान 3.0 लागतो, बाहेरच्यांना 3.4. किमान म्हणजे दारात उभं राहायची परवानगी, एवढंच.

तिच्या बाबांनी विचारलं, "चार बी कशात?" तिनं सांगितलं आणि खोलीत गेली.

आमच्या वेळी बारावीचे पीसीएमचे 300 पैकी गुण असायचे, भिंतीवर यादी लागायची, त्या यादीत आपण कितवे ते दिसायचं आणि संपलं. माझी मापं अजून तीच आहेत, हे लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

सॅट या इथल्या सामायिक प्रवेश परीक्षेचा विषयच नाही. 2020 च्या मे महिन्यात यूसीचा कारभार बघणाऱ्या रीजंट्स मंडळानं ती परीक्षा टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं, आणि आता कुणी गुण दिले तरी प्रवेशासाठी ते बघत नाहीत. सांगलीत हे कुणाला पटत नाही. "मग निवडतात कशावर?" असं आजी तीन रविवार विचारतेय.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आरतीला आलेल्या आठ घरांपैकी पाच घरांत यंदा बारावी आहे. प्रसादाच्या ताटांबरोबर कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर सायन्स आणि कॉम्प्युटर सायन्स. एकांनी खासगी सल्लागार लावलाय, तो मुलाला 'वेगळा दिसणारा छंद' शोधून देणार आहे म्हणे. छंद शोधून देणं हा धंदा असू शकतो, हे मला नवीन होतं.

सगळे गेल्यावर लेकीनं सांगितलं : हायड्रॉलॉजी. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, नदी किती वाहते, पूर कधी चढतो याचं शास्त्र. यूसी डेव्हिसला त्यात सरळ पदवी आहे. तिच्या बाबांना वाटलं ती धरणं बांधणार. "ते सिव्हिल, बाबा. मी मोजणार."

मोजण्याचं वेड कुठून आलं ते आम्हाला माहीत आहे. माझं माहेर सांगलीत, गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून आधी विचारतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, त्याच्याशी फुटांची पट्टी आहे. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीची फुगी किती, यावर पारावरची सगळी माणसं तज्ज्ञ. हिनं दर सुट्टीत ते ऐकलंय. आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधून अलामेडा क्रीक हा ओढा वाहतो, नाइल्सजवळ त्यावर यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, मापनकेंद्र आहे, आणि त्याची पातळी कुणालाही फोनवर फुकट बघता येते. नववीत हिला ते सापडलं. 2022 च्या 31 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत साडेपाच इंचांच्या आसपास पाऊस पडला, लोक पार्ट्या रद्द करत होते, आणि ही दर पंधरा मिनिटांनी आकडा वाचून वहीत लिहीत होती. आजीला फोन करून म्हणाली, "आजी, आमच्या आयर्विनला पाणी चढलं."

कॅम्पसची यादी : डेव्हिस, सांता बार्बरा, सांता क्रूझ, मर्सेड, बर्कली, लॉस एंजेलिस. शेवटची दोन बाबांच्या आग्रहाखातर. लॉस एंजेलिसला एकट्या पहिल्या वर्षासाठी दीड लाखाच्या घरात अर्ज येतात, शंभरातल्या नवांना जागा मिळते. हे आकडे त्यांनीच वाचून दाखवले आणि "तरी पण" म्हणाले.

22 सप्टेंबर, रविवार

पैसे. अर्जाची फी दर कॅम्पसला 80 डॉलर. आंतरराष्ट्रीय आणि बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यांना 95. लेक सहा वर्षांची असताना इथे आली, सगळी शाळा फ्रीमॉन्टमध्ये झाली, स्वप्नं इंग्रजीत पडतात, पण कागदावर ती एच-4 व्हिसावर, म्हणजे माझ्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर लटकलेली. म्हणून 95. सहा गुणिले 95, 570.

पंधरा डॉलरांचं काही नाही. फॉर्ममध्ये नागरिकत्वाच्या रकान्यात 'भारत' निवडल्यावर तिचा हात क्षणभर थांबला, त्याचं आहे. ग्रीन कार्डाची रांग आमच्या गटात 2012 च्या आसपासच्या अर्जांवर अडकलीय, आमचा नंबर त्याच्या बराच मागे. ती एकविसाची होईल तेव्हा तिसऱ्या वर्षात असेल आणि एच-4 संपेल. हा मुद्दा उघडा. या प्रकल्पात बंद होणारा नाही.

दिलासा एवढाच की एच-4 असलं तरी कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून फी लागू शकते. आई-वडील वर्षाहून जास्त, नेमकं 366 दिवस, इथे राहत असले पाहिजेत आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दिसला पाहिजे. ते सिद्ध करायचं काम प्रवेशानंतरचं. टॅक्सची कागदं वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवली.

1 ऑक्टोबर, मंगळवार

अर्ज पाठवायची मुदत सुरू. आम्ही पाठवला नाही. आधी पाठवल्यानं आधी वाचतात असं काही नसतं. तिच्या बाबांना हे दोनदा सांगितलं.

5 ऑक्टोबर, शनिवार

कामं आणि बक्षिसं यांचा विभाग. वीस जागा असतात, प्रत्येक कामाच्या वर्णनाला 350 अक्षरं. तिच्याकडे नऊ नोंदी.

मी वीस भरायला बसले. चौथीतली चित्रकला स्पर्धा काढली. मराठी मंडळाच्या दिवाळीत एकदा निवेदन केलं होतं, ते काढलं. तिनं एकेक खोडलं. फॉर्मला नववीपासूनचं हवंय, चौथीतलं नाही. आणि काही अर्जदारांना यूसी अचानक पुरावा मागते, तेव्हा दिवाळीच्या निवेदनाचा पुरावा म्हणून काकूंचा व्हिडिओ पाठवणार का, असं विचारलं. धाकटा म्हणाला, "ताईनं मला फ्रॅक्शन शिकवलं, ते लिहा." आश्चर्य म्हणजे ते तिनं लिहिलं. घरची जबाबदारी हीही नोंद होऊ शकते. मी ऑफिसातून सातला येते आणि तीन ते सात घर तिच्याकडे असतं, हे मला कधी 'काम' वाटलं नव्हतं. आठवड्याला किती तास, असा रकाना होता. तिनं 15 लिहिलं. मी मनात मोजलं. जास्त होतात.

नऊच्या अकरा नोंदी झाल्या. नऊ जागा रिकाम्या सोडायचं मला अजून जड जातंय.

12 ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, दुसऱ्याच कुठल्या झाडाची जोडपानं वाटली.

आता खरं काम. यूसी आठ प्रश्न देते, त्यातले चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्द. अर्जाबरोबर शिफारसपत्र नाही, मुलाखत नाही, गुणपत्रकसुद्धा आत्ता मागत नाहीत, मुलं स्वतःच ग्रेड टाइप करतात. म्हणजे या चौदाशे शब्दांखेरीज तिचा आवाज कुठेच नाही.

तिनं निवडलेले : आवडीचा शैक्षणिक विषय, समाजासाठी काय केलं, सर्जनशीलता आणि मोठं आव्हान. शेवटचा मी सुचवला. माझ्या डोक्यात 2019 होतं.

20 ऑक्टोबर, रविवार

आव्हानाचा पहिला खर्डा. 2019 चा महापूर. आयर्विनला 57 फूट, गावभागात पहिला मजला बुडालेला, आजीला बोटीतून काढलं, सगळं आहे. मी वाचताना रडले. तिचे बाबा गप्प झाले, म्हणजे आवडलं.

बर्कली, लॉस एंजेलिस, सगळीकडे दारं उघडणार असं मला त्या क्षणी वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

27 ऑक्टोबर, रविवार

तिनं पुराचा खर्डा फाडला. म्हणजे पुसला, पण आवाज फाडल्यासारखाच झाला.

वाद झाला, तो जमेल तसा लिहिते. ती म्हणाली, आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला परतलो होतो, पाणी त्यानंतर चढलं. ती पुरात नव्हती. फ्रीमॉन्टमध्ये सोफ्यावर बसून मामाच्या फोनची वाट बघत होती. खर्ड्यात कुठेच खोटं वाक्य नव्हतं, पण वाचणाऱ्याला वाटेल की ती बोटीत होती. "ते आजीचं आव्हान होतं, माझं नाही. मी ते घेतलं तर चोरी आहे."

मी म्हटलं, वाचणाऱ्याला काय कळणार. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच कसंसं झालं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई लेकीला सांगत होती की पकडलं जाणार नाही.

संध्याकाळी आजीचा फोन आला. तिला सगळा वाद सांगितला. आजी म्हणाली, "बोटीत मी बसले होते आणि मला एकच आठवतंय, पिठाचा डबा वर ठेवायचा राहिला. त्यात काय निबंध लिहितेस?"

आव्हानाचा प्रश्न रद्द. त्याऐवजी शैक्षणिक संधीचा प्रश्न घेतला, यूएसजीएसच्या फुकट आकड्यांवर. प्रकल्प दोन आठवडे मागे.

3 नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. चकल्या मोडल्या. प्रकल्पात काही नाही.

9 नोव्हेंबर, शनिवार

चारही खर्डे तयार. वाचणारा बाहेरचा हवा म्हणून तिनं शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दाखवले, मला शेवटी.

मराठी शाळेबद्दलचं चांगलं उतरलंय. सहा-सात वर्षांची पोरं 'ळ' म्हणत नाहीत, 'ल' म्हणतात. हिनं त्यांना घोळ, गोंधळ, खेळ, वेळ, जांभूळ असे शब्द गोळा करायला लावले आणि जो सर्वांत जास्त आणेल त्याला गूळ. बस्स, एवढंच लिहिलंय. संस्कृतीचा वारसा, दोन जगांमधला पूल, असलं एक अक्षर नाही. मी एक वाक्य सुचवलं होतं. तिनं ते घेतलं नाही, आणि आता वाचताना मला ते वाक्य आठवतसुद्धा नाही.

सर्जनशीलतेला तो वाकडा बुडकुला आहे. तीन वेळा भट्टीत फुटला, चौथ्यांदा वाकला, आणि मातीत पाणी किती हे तिला तेव्हा हातानं कळायला लागलं.

आयर्विन आलाय, पण आवडीच्या विषयाच्या उत्तरात आणि एका परिच्छेदापुरता. चाळीस फूट हा आकडा ऐकून फ्रीमॉन्टमध्ये कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, सांगलीत दुकानदार माल वर चढवतात, अशी त्याची सुरुवात. त्यावरून ती म्हणते की नाइल्सच्या केंद्राचा आकडा तिला नुसता वाचता यायचा, तो काय सांगतो ते कळायला काठाकाठानं चालावं लागलं. मी त्यावर काही बोलले नाही. माझा जीपीएचा तक्ता मात्र आठवला.

शब्द 352. दोन कापायला पाऊण तास.

14 नोव्हेंबर, गुरुवार

बातमी : रीजंट्सनी आज बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी मुलांची जादा फी वाढवली. 34,200 डॉलरवरून 37,602, पुढच्या फॉलपासून येणाऱ्यांना. रहिवाशांना मूळ फी 14,934 आणि या मुलांना तीच अधिक 37,602, म्हणजे 52,536. राहणं-खाणं वेगळं.

रहिवासी ठरलो तर आणि नाही ठरलो तर यांतला फरक चार वर्षांत दीड लाख डॉलरांचा. तिच्या बाबांनी रात्री टॅक्सच्या फोल्डरमधली कागदं पुन्हा एकदा तारीखवार लावली. आधीच लावलेली होती.

ऑफिसातला एकजण म्हणाला, सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त असणार ना? रहिवाशाला, हो, त्यातल्या त्यात. 1960 च्या आराखड्यात कॅलिफोर्नियानं वाटणी करून ठेवली : वरचा अष्टमांश यूसीला, वरचा तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज उघडं, तिथून दोन वर्षांनी यूसीत यायची वाट. ही शेवटची वाट आमच्या मंडळातल्या कुणाच्या तोंडी नसते. डेव्हिससह सहा कॅम्पस तर ठराविक अटी पूर्ण केल्या की कम्युनिटी कॉलेजवाल्यांना जागेची हमी देतात. मी वहीत 'पर्याय ब' म्हणून लिहिलं. लेक म्हणाली, ब नको म्हणू, दुसरा म्हण.

23 नोव्हेंबर, शनिवार

अखेरची तपासणी. हे माझं काम, यात मला कुणी अडवू नये. शाळेचं गुणपत्रक एका हातात, पडद्यावर अर्ज. सापडलेले दोष :

अकरावीचा एपी पर्यावरणशास्त्र साधा वर्ग म्हणून निवडला गेला होता. गंभीर. दुरुस्त.

दहावीच्या एका सेमिस्टरला ए टाकलेला, कागदावर बी. तिला धक्का बसला, तिला खरंच ए आठवत होता. अशी चूक तशीच राहिली तर जुलैत अंतिम गुणपत्रक गेल्यावर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात. दुरुस्त. हे बदललं तर माझा 4.20 सुद्धा गेला : पंधरा ए, पाच बी, साठ आणि पंधरा आणि आठ, त्र्याऐंशी भागिले वीस, 4.15. तिनं चेहरा पाडला. मी, आश्चर्य म्हणजे, नाही.

आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण : बरोबर.

मर्सेडला विषय निवडायचा राहिलेला. दुरुस्त.

26 नोव्हेंबर, मंगळवार

रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी अर्ज पाठवला. 570 डॉलर कार्डावर. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर संकेतस्थळावर गर्दी होते म्हणून आधीच. बटण तिनं एकटीनं दाबलं, आम्हाला खोलीबाहेर काढून. बाहेर आली आणि म्हणाली, भूक लागलीय. आमटी-भात.

आता ग्रेड किंवा उत्तरं यांना हात लावता येत नाही. पत्ता-फोन मात्र बदलता येतो.

19 जानेवारी 2025, रविवार

सहा कॅम्पसची सहा पोर्टलं, सहा पासवर्ड. दर आठवड्याला एखादं पत्र येतं, 'आमच्याकडे सूर्यास्त किती सुंदर' छापाचं. मी या महिन्यात वही उघडली नाही कारण लिहायला काही नव्हतं. तिचे बाबा मात्र रोज बघतात. उत्तरं मार्चमध्ये येणार हे पोर्टलावर लिहिलेलं आहे, ते वाचून पुन्हा बघतात.

29 मार्च, शनिवार

सगळी उत्तरं आली.

मर्सेड, हो. सांता क्रूझ, हो. डेव्हिस, हो, हायड्रॉलॉजी. सांता बार्बरा, प्रतीक्षा यादी. लॉस एंजेलिस, नाही. बर्कली, नाही.

डेव्हिसचं उत्तर तिनं शाळेच्या पार्किंगमध्ये पाहिलं, मला फक्त पाण्याच्या थेंबाचं चित्र पाठवलं. मी मीटिंगमध्ये होते. दहा मिनिटं कळेना की हा अश्रू आहे की काय.

बर्कलीच्या दिवशी घरात शांत होतं. गणपतीला आलेल्या घरांपैकी एका मुलाला तिथे मिळालं, त्याची मिठाई आली, खाल्ली. ती पुराची गोष्ट पाठवली असती तर? हा प्रश्न तिच्या बाबांनी विचारला नाही. मीही नाही. पण त्या रात्री दोघंही जागे होतो.

5 एप्रिल, शनिवार

डेव्हिसला जाऊन आलो. सगळीकडे सायकली. चौकात सिग्नलऐवजी सायकलींचे वर्तुळरस्ते, त्यात आम्ही चालणारी माणसं गोंधळलो. हा कॅम्पस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्कलीची शेती म्हणून सुरू झाला, स्वतंत्र झाला 1959 मध्ये. तिथे द्राक्षांचाही विभाग आहे. तासगावच्या बागांत आमच्या काकांनी आयुष्यभर लावली ती थॉम्पसन सीडलेस इथल्या खोऱ्यातही बेदाण्यासाठी लावतात, हे सांगितल्यावर आजीचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "मग बरोबर आहे गाव."

लेकीला कॅम्पसपेक्षा पुढचं बघायचं होतं. सॅक्रामेंटोच्या वाटेवर हायवे तीनेक मैल खांबांवरून जातो, खाली योलो बायपास. नदी फुगली की पाणी मुद्दाम या सखल पट्ट्यात सोडतात, म्हणजे सॅक्रामेंटो शहर वाचतं. उरलेल्या दिवसांत तिथे भात पिकतो. तिनं खिडकीला नाक लावलं होतं. बाबांनी विचारलं, "हे आपल्याकडे का नाही करत?" ती म्हणाली, "तिथे सखल भागात लोक राहतात, बाबा. गावभाग तिथेच आहे."

परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हायड्रॉलॉजीवाल्यांना नोकरी कोण देतं ते मी जरा बघतो.

26 एप्रिल, शनिवार

होकार दिला. मुदत 1 मेपर्यंत होती. सांता बार्बराच्या प्रतीक्षा यादीत नाव ठेवलं नाही. तिनं ठरवलं.

28 जून, शनिवार

उरलेली कामं. अंतिम गुणपत्रक 1 जुलैच्या आत पोचायला हवं. शाळेनं पाठवलं, पोर्टलावर 'मिळालं' दिसतंय. एपीचे निकाल जुलैत. रहिवासाचं निवेदन भरून झालं : दोघांचे टॅक्स, माझा एच-1बीचा कागद, घराचा भाडेकरार, तिचा एच-4. पोर्टलावर अजून 'पडताळणी सुरू'. हे ठरेपर्यंत बिलाचा आकडा दोनांपैकी कुठलाही असू शकतो.

मिठाचा बुडकुला ती डेव्हिसला नेणार म्हणते. मी म्हटलं, होस्टेलवर मीठ कशाला. तो तिचाच आहे हे खरं.

सांगलीत पाऊस सुरू झालाय. आज सकाळी आजीच्या आधी तिनंच फोन लावला, "आयर्विनला किती?" आजी म्हणाली, काळजीचं काही नाही, आणि तू सायकल शिकलीस का?

उघडे मुद्दे : रहिवास. सायकल.